बिनगळाचं लाकूड

पार्सल फोडलं तर आतून लाकडाचे दोन तुकडे निघाले. एकमेकांना जोडून बघितले तर वीतभराहून थोडं लांब, शेपटीकडे निमुळतं होत गेलेलं, निळं रंगवलेलं लाकूड झालं. पुढचं तोंड वाटीसारखं कोरलेलं, पोटातून आरपार गेलेली स्टीलची जाड तार, आणि मधोमध फुटलेलं. लाकूड शिरांच्या उभ्या दिशेनं सहज फाकतं हे कुणीही सांगेल. हे आडव्या शिरांवर चेमटून तुटलं होतं. तसला चुरा मी फक्त पॉवर प्रेसखाली चुकून राहिलेल्या ठोकळ्याचा बघितला होता.

मी लगेच अंदमानला फोन लावला.

"कुठल्या मशिनीत घातलतंस रं हे?"

पलीकडून दोस्त हसला. "मशिनीत न्हवं भावा. माशाच्या तोंडात."

हा दोस्त माझा शाळेपासूनचा. दोघंही कुरुंदवाडचे, एका बाकावर बसून मार खाल्लेले. त्याचं घर बौद्ध, माझं जैन. अहिंसेवरची भाषणं आम्ही दोघांनीही लहानपणापासून भरपूर ऐकली, फरक एवढाच की भाषण संपल्यावर त्याच्या घरी माशाचं कालवण असायचं आणि आमच्या घरी कांदासुद्धा नसायचा. पुढे तो अंदमानच्या बंदरावर क्रेन चालवायला गेला आणि तिथंच रमला. सुट्टी मिळाली की नाव घेऊन समुद्रात. मी मात्र कोल्हापूरला आलो आणि उचगावात शेड टाकली.

माझा धंदा लाकडाचा, पण फर्निचरचा नव्हे. हे आत्ताच सांगितलेलं बरं, कारण शेडसमोर गाडी थांबवून "पावणं, दिवाण कवा मिळंल?" असं विचारणारे लोक रोज भेटतात आणि माझं डोकं फिरतं. मी पॅटर्न करतो. फाउंड्रीत लोखंड ओतायचं तर आधी वाळूत त्या वस्तूचा ठसा उठवावा लागतो, आणि ठसा उठवायला ती वस्तू लाकडात घडवावी लागते. पंपाची बॉडी असो की ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं घर, ते आधी माझ्याकडे सागवानात होतं, मग लोखंडात.

तर दोस्ताला हवा होता तसलाच दुसरा पॉपर. त्या लाकडाला पॉपर म्हणतात हेही मला तेव्हाच कळलं. जायंट ट्रेव्हली नावाचा एक मासा असतो, गळवाले त्याला नुसतं जीटी म्हणतात. भर समुद्रात, प्रवाळाच्या खडकांवर जिथं लाटा फुटतात तिथं तो शिकार करतो. पॉपर लांब फेकायचा आणि काठीला हिसके देत ओढायचा. हिसक्यासरशी वाटीत पाणी कोंडून भॉक असा आवाज होतो. वर कुणीतरी धडपडतंय असं समजून जीटी खालून येतो. तिकडच्या दुकानात मिळणारे पॉपर त्याच्या जबड्याला पुरत नाहीत, असं दोस्ताचं म्हणणं. "तुज्या सागवानाचा करून दे. बघू कोण जिततंय."

पॉपर करायला मला काहीच अवघड नव्हतं. पण ते तुटलेले तुकडे मी शेडमधल्या बाकावर ठेवले आणि जाता-येता उचलून बघत राहिलो. लाकूड मला कळतं. किती जोर लावला की ते कुरकुरतं, किती लावला की जातं, हे हाताला माहीत असतं. त्या तुकड्यांमागचा जोर हाताच्या हिशेबात बसत नव्हता. हे मोडणारं जे काही आहे ते मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

पण त्याआधी अक्काला विचारायला हवं होतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून घर तिनंच चालवलं. अजून कुरुंदवाडलाच असते, नदीकाठचं रान स्वतः बघते, आणि तिचा आवाज दुसऱ्या गल्लीत ऐकू जातो. माझे केस पांढरे झाले तरी तिला विचारल्याशिवाय मी मोठा बेत करत नाही, कारण ती ओरडली तर परवडतं, ती बोलायची थांबली तर परवडत नाही. चुलत्यांनी एकदा शेततळं मत्स्यपालनाला द्यायचं काढलं होतं. अक्का सगळा पावसाळा त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. ताट वाढायची, पाणी द्यायची, आणि तोंड मिटलेलं. शेवटी चुलत्यांनी हात जोडून तळ्याचा नाद सोडला.

माशांशी तिचं नातं तसं जुनं. आमच्याकडे कृष्णा-पंचगंगेचं पाणी रानात शिरतं तेव्हा ते एकटं येत नाही, मासे घेऊन येतं. पाणी उतरलं की उसाच्या सऱ्यांत, खड्ड्यांत मासे अडकून पडतात. मग निम्मं गाव पाट्या घेऊन धरायला येतं. त्यात वाईट काही नाही, पुरानंतर घराघरांत खायची मारामार असते. आमच्या घरची माणसं मात्र घागरी घेऊन जातात, आणि धरलेले मासे नदीत नेऊन सोडतात. एकाच सरीत दोन्ही टोळ्या, एकाच चिखलात. "ओ अक्का, त्यो म्होटा आमी बघितलाता!" असा कुणी ओरडला की अक्का घागर काखेत घेऊन म्हणायची, "मग बघ की आनि, बघाय मी कुटं नको म्हंतोय?" आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, 'म्हंते' न म्हणता पुरुषांसारखं 'म्हंतोय'.

मासा सोडण्याची तिची एक रीत होती. घागर नदीत ओतून मोकळं व्हायचं नाही. गुडघाभर पाण्यात उतरायचं, हात ओले करायचे, एकेक मासा हातात घ्यायचा. त्याचं तोंड धारेकडे करायचं, म्हणजे पाणी आपसूक कल्ल्यांतून जातं. दुसऱ्या हातानं शेपटीच्या मुळाशी मूठ धरायची, हलकी. मग काही करायचं नाही. दमलेला मासा आधी नुसता पडून राहतो, मग कल्ले उघडझाप करायला लागतो, आणि एका क्षणी शेपटी मुठीत ताठ होते. तेव्हा मूठ उघडायची. अक्का दरवेळी "जा बाबा" म्हणायची, आणि मासा दिसेनासा होईपर्यंत जागची हलायची नाही. मी मासे कधी खाल्ले नाहीत, पण मासा हातात धरलाय तो शेकड्यांनी. त्यांची ओढ मला तिथंच लागली.

मी ते तुकडे घेऊन कुरुंदवाडला गेलो.

"अक्का, मी अंदमानला जाऊन येतो म्हंतोय."

"कशाला?"

"मासा बघाय."

"आपल्या नदीतलं संपलं व्हय?"

मी तुकडे तिच्या हातात दिले. तिनं ते उलटसुलट करून बघितले, फुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हे माशानं केलं?"

"व्हय."

तिनं तुकडे जोडून मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "बघून ये. पर नियम घिऊन जा. गळ लावलेली काठी हातात धरायची न्हाई."

मी बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, जाऊन हात जोडून नियम घेतला. नियम आमच्याकडे हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. अक्का तर शेजारीच उभी होती.

पॉपर मी मन लावून केला. सागाचा वाळलेला तुकडा लेथवर चढवला, तोंडाची वाटी कोरली, आरपार भोक पाडून तार ओवली, शेपटीकडे शिसं बसवलं. रंग म्हणून पॅटर्नला लावतो तोच लाल. गळ लावायच्या कड्या मोकळ्या ठेवल्या.

अंदमानात दोस्ताच्या घरी पोचलो, पिशवीतून तो काढून त्याच्यापुढे ठेवला. दोस्तानं उचलला आणि माझ्याकडे बघितलं.

"मर्दा, पॉपर मागितलता. लाटणं न्हवं."

मी तापलो. मापात मिलिमीटरचा फरक असेल तर धंदा बंद करतो म्हणालो. त्यानं जुने तुकडे जोडून शेजारी धरले. माझा पॉपर चांगलाच दांडगा होता, लांबीला आणि जाडीलाही. मी खिशातली पट्टी काढली, आणि पट्टी हातात आल्याबरोबर चूक कळली. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न मुळात जरा मोठा करावा लागतो. त्यासाठी आमची पट्टीच मोठी आखलेली असते, तिचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरहून मोठा. मी त्या पट्टीनं माप धरलं होतं. वर आणखी, मशिनवर घासून जाईल म्हणून चारी बाजूंनी ठेवतो तो जादा भागही हातानं सवयीनं ठेवला होता. समुद्रात टाकायचं लाकूड थंड होऊन आकसणार नव्हतं आणि त्याला कुणी मशिनवर चढवणार नव्हतं. दोस्त हसून हसून आडवा झाला. "कोल्लापुरी माप," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. नाव लहान, चालवणारा तिथलाच, हिंदी बोलणारा, अबोल माणूस. बेटं मागे पडली आणि पाण्याचा रंग बदलला. मी आयुष्यभर तांबडं पाणी बघितलेला माणूस. पुराचं पाणी, उसाच्या सरीतलं पाणी, पाटाचं पाणी, सगळं मातीच्या रंगाचं. इथं तळ दिसत होता, आणि तो तळ जिवंत होता. खडक वाढलेले, फांद्या फुटलेले, त्यांतून रंगीत मासे ये-जा करणारे. मग एका रेषेवर खडक संपत होता आणि तिथून खाली काळं निळं काहीतरी सुरू होत होतं, ज्याला तळ नव्हता. नावाडी त्या रेषेवर नाव धरून उभा राहिला. लाटा खडकावर येऊन फुटत होत्या आणि तो इंजिन एवढंसं पुढे, एवढंसं मागे करत होता. त्याचा हात इंजिनावरून क्षणभर निघाला असता तर आम्ही खडकावर गेलो असतो.

"ह्याला गळ न्हाई," दोस्त लाल पॉपर काठीला बांधत म्हणाला. "बिनगळाची काठी धराय तुज्या अक्काची हरकत न्हाई न्हवं?"

नव्हती. मी काठी घेतली. पहिल्या दोन-तीन फेकी नावेच्या शेजारीच पडल्या आणि दोस्तानं ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. मग एकदा पॉपर जमला तसा गेला, फेसाच्या कडेला पडला. मी हिसका दिला. वाटी मोठी होती, आवाजही मोठा झाला. भॉक. पुन्हा हिसका. भॉक.

पाण्याखाली सावली आली. मला वाटलं ढगाची. मी वर बघितलं, ढग नव्हता. खाली बघितलं तर सावली पॉपरच्या मागून येत होती, आणि तिच्या मागे आणखी दोन. पुढचीनं पाणी पाठीवर घेतलं. पाणी तिच्यासमोर फुगून वर आलं, आणि त्या फुगवट्यातून एक डोकं निघालं, उभ्या कपाळाचं, रुंद, करड्या चांदीचं. जबडा उघडला, पॉपर गेला, आणि जिथं मासा होता तिथं पाण्याला खड्डा पडला. खोटं सांगत नाही, खड्डा पडलेला मी बघितला. मग आवाज आला. ओली भिंत कोसळावी तसा.

पॉपरला गळ नव्हता, तो सुटून परत वर आला. माझा हात थांबला होता. "वढ, वढ!" दोस्त ओरडला. मी पुन्हा हिसका दिला. मागचे दोघं धावले, एकमेकांना ढकलून. एकानं पॉपर हवेत उडवला, दुसऱ्यानं तो हवेतून खाली येता येता घेतला. नावेच्या जवळ येईपर्यंत त्यांनी त्याचा पिच्छा सोडला नाही, आणि अगदी नावेपाशी पहिला मासा एक कूस वळून थांबला. हातभर अंतरावर. त्याचा डोळा वर होता. त्या डोळ्यानं मला बघितलं, ह्यात मला अजून शंका नाही. मग शेपटीची एक फटकार, आणि काळ्या निळ्यात तो गेला.

मी खाली बसलो. दोस्तानं पाण्याची बाटली पुढे केली. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्हींचं कारण एकच होतं. एवढी ताकद जगात आहे, रोज, मी उचगावात रंधा मारत असताना इथं ती फिरत असते, आणि तिला माझ्याशी काही देणंघेणं नाही. मला एकदम फार लहान वाटलं आणि ते लहान वाटणं सुखाचं होतं.

पुढचे सगळे दिवस मी तेच केलं. बिनगळाचं लाकूड फेकायचं आणि जे वर येईल ते बघायचं. दोस्त स्वतः गळ लावून खेळायचा. गळाचा उलटा काटा त्यानं कानशीनं घासून काढलेला असायचा आणि धरलेला मासा तो पाण्यातच सोडायचा. मी त्याच्याशी भांडलो. सोडायचाच तर धरायचा कशाला? त्याचं उत्तर होतं, "तुला बघून भागतंय. मला हाताला कळल्याबिगर भागत न्हाई." मला ते पटलं नाही, पण समजलं. मीही ते तुकडे हातात घेऊनच इथवर आलो होतो.

शेवटच्या सकाळी त्यानं लाल पॉपर हातात घेतला. त्याच्यावर आता जागोजागी खाचा पडल्या होत्या, रंग उडाला होता, पण लाकूड शाबूत होतं.

"भावा, आज ह्याला गळ लावू का? तू न्हाई म्हणालास तर न्हाई."

"लाकूड तुला दिलंय," मी म्हणालो. "तुजं तू बघ."

त्यानं गळ लावले, तेवढा वेळ मी तोंड फिरवून बसलो.

तिसऱ्या-चौथ्या फेकीला मासा आला. आधी आलेल्यांपेक्षा हा वेगळा होता, काळपट, आणि त्यानं पाणी उडवलं नाही. पॉपर नुसता खाली ओढला गेला, जसं पाण्यानंच गिळलं. काठी वाकली. दोस्ताचे पाय ओल्या फळीवर सरकले, तो नावेच्या काठावर आपटला, आणि खांद्यातून आवाज आला. त्याचा उजवा हात लोंबायला लागला. चेहरा पांढराफटक. डाव्या हातानं आणि छातीनं त्यानं काठी काठावर दाबून धरली होती, आणि रिळातून दोरी किंचाळत जात होती.

"धर!" तो म्हणाला.

मी दोन्ही हात मागे घेतले. खरंच घेतले, शाळेत छडीच्या वेळी घेतात तसे.

नावाड्याकडे बघितलं. त्याचा हात इंजिनावर होता, मागे लाट उभी राहत होती. त्याला काही सांगण्यात अर्थ नव्हता.

"दोरी काप," मी ओरडलो. "काप आणि सोडून दे त्याला!"

दोस्तानं दात आवळून माझ्याकडे बघितलं. तो रागावला नव्हता. "कापतो. तू म्हण, लगीच कापतो. पर तुजं लाकूड त्याच्या तोंडात हाय. ते घिऊन त्यो खडकात शिरंल, दुसरा गळ खडकाला अडकंल, आणि त्यो तितंच बांधल्यागत ऱ्हाऊन मरंल. तू सांग."

माझं लाकूड. माझ्या मापाचं, माझ्या तारेचं, फुटू नये म्हणून जीव ओतून केलेलं. अक्काचा चेहरा डोळ्यासमोर आला, मिटलेल्या तोंडाचा. मला तिची भीती वाटली आणि त्या माशाची त्याहून जास्त कीव आली. मी काठी धरली.

पुढे काय झालं ते मला सलग आठवत नाही. उसानं भरलेली ट्रॉली उताराला सुटली आणि मी तिला मागून दोरीनं धरलंय, असं काहीतरी. दोस्तानं डाव्या हातानं माझ्या कमरेला पट्टा अडकवला, काठीचं बूड त्यात बसवलं आणि माझ्या कानाशी सांगत राहिला. आता वढ. आता काही करू नगंस. खाली जाऊ दे न्हवं, खाली जाऊ दिऊ नगंस! नावाड्यानं नाव खडकापासून खोल पाण्याकडे काढली, इंच इंच, मासा आणि मी दोघांनाही ओढत. माझे हात बधिर झाले. एका बाजूला मी होतो, दुसऱ्या बाजूला तो, आणि मधल्या दोरीतून त्याचं प्रत्येक डोकं झटकणं माझ्या दातांपर्यंत येत होतं. मी मोठमोठ्यानं बोलत होतो म्हणे. दोस्त नंतर म्हणाला, "तू त्याला म्हणत हुतास, यी बाबा, यी, सोडतो तुला, यी." मला आठवत नाही, पण मी तसं म्हणालो असेन.

तो वर आला तेव्हा कुशीवर आला. मी गुडघ्यावर बसून पाण्यात वाकलो. इतका मोठा जिवंत जीव मी कधी हातात धरला नव्हता. डोकं माझ्या छातीएवढं रुंद. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी करवतीसारखे कडक खवले. आत्ता काळपट वाटलेलं अंग उन्हात आलं तसं त्यावर रंग फिरायला लागले, चांदी, जांभळा, हिरवट सोनेरी, आणि हे सगळं मी काय रंगवणार? त्याच्या पोटातून घरघर आवाज येत होता. पॉपर जबड्याच्या कोपऱ्यात होता. मी पक्कड घेतली, पक्कड तरी माझ्या ओळखीची होती. गळाला काटा नव्हता, एका पिळात निघाला. लाकूड हातात आलं. ते फुटलं नव्हतं.

मासा हलला नाही. सोडला असता तर तसाच बुडाला असता.

"धार कुणीकडनं हाय?" मी विचारलं. नावाड्यानं हात करून दाखवलं, आणि न सांगता नाव फिरवली. मी माशाचं तोंड धारेकडे केलं. दोस्तानं दिलेला हातमोजा पाण्यात बुडवून शेपटीच्या मुळाशी मूठ धरली. दुसरा हात जबड्याखाली. मग काही केलं नाही. समुद्र होता, कृष्णा नव्हती, आणि मुठीत मावत नव्हती एवढी शेपटी होती, पण बाकी सगळं तेच होतं. कल्ला उघडला. बऱ्याच वेळानं पुन्हा उघडला. मग उघडझाप सुरू झाली. हात जोडावेसे वाटले, पण हात रिकामे नव्हते.

शेपटी ताठ झाली. मी मूठ उघडली.

त्यानं जाताना माझ्या तोंडावर ओंजळभर पाणी मारलं. दिसेनासा होईपर्यंत मी तसाच वाकून राहिलो, आणि दिसेनासा झाल्यावरही राहिलो. मग मागे दोस्त कण्हला, तेव्हा भानावर आलो. दवाखान्यात त्याचा खांदा जागेवर बसवला. डॉक्टरनं विचारलं कसं झालं, तर हा म्हणतो, "कोल्हापूरसे लाटणं मंगाया था."

परतीच्या वाटेवर माझं मन ठिकाणावर नव्हतं. नियम मोडला होता, आणि न सांगता राहणं मला जमणारं नव्हतं. कोल्हापुरात उतरलो तो घरी न जाता सरळ कुरुंदवाडची एसटी धरली.

अक्का सोप्यात दिवाणावर बसून शेंगा फोडत होती. मी समोर बसलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. तिचे हात चालू होते. मी काठी धरल्याचं सांगितलं तिथं ते थांबले. मी पुढे रेटून बोलत राहिलो. शेंगांचं सूप तिनं बाजूला ठेवलं, उठली आणि आत गेली. भांड्याचा आवाज आला, मग तोही थांबला. संपलं, मला वाटलं. आता हा पावसाळा माझा.

ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तो माझ्यापुढे ठेवला.

"नियमाचं बस्तीत म्हाराजांना इचारूया," ती म्हणाली. "सांगतील ते प्रायश्चित्त घे. मला त्या माशाचं सांग. तोंड धारेकडं केलतंस?"

"व्हय."

"हात वल्लं हुतं?"

"हुतं की."

"आणि गेला? आपला आपण गेला?"

"गेला, अक्का."

ती दिवाणाच्या कडेला टेकली. "केवढा हुता?"

मी उठलो. दिवाणाच्या एका टोकाला दोन्ही तळहात समोरासमोर धरून डोक्याची उंची दाखवली. "डोकं इथं. एवढं." दोन्ही हात त्यातच गेले. शेपूट दाखवायला हात उरला नाही.

"आणि शेपूट?"

"तिकडं. आणखी तिकडं. हां, तितं."

अक्का दिवाणाच्या दुसऱ्या टोकाशी सरकली होती. तिनं माझ्या हातांपासून स्वतःपर्यंतची चादर नजरेनं एकदा मोजली, आणि तिचे डोळे मोठे झाले. मग तिनं शेंगांची माती लागलेला हात तांब्यातल्या पाण्यात बुडवला, चादरीवर मी दाखवलेल्या जागी नेला आणि मूठ धरली. हलकी. तिथं काहीच नव्हतं. आम्ही दोघं तसेच राहिलो, मी डोक्याशी, ती शेपटीशी.

"जा बाबा," अक्का म्हणाली, आणि तिनं मूठ उघडली.